भूत उतरवणाऱ्याचं काय होतं?



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, आयुष्यभर कांट शिकवलात, आणि आता सत्तरी उलटल्यावर भुताचे सिनेमे?" त्यांना म्हटलं, कांटनेही १७६६ साली भुतं बघणाऱ्या स्वीडनबोर्गवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. तेव्हा परंपरा काही मी सोडलेली नाही.

पण खरं कारण वेगळं आहे. ऐंशीच्या दशकात मी ज्या गावी नोकरीला होतो तिथे व्हीसीआर भाड्याने मिळायचा. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेट, एका रात्रीपुरतं. एका शनिवारी कुणीतरी 'द एक्झॉर्सिस्ट' आणला. आम्ही सात-आठ प्राध्यापक आणि एम.ए.चे काही विद्यार्थी. घाबरायचं तेवढं घाबरून झालं, चहा झाला, आणि एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, मुलगी तर बरी झाली. मग शेवट वाईट झाला असं का वाटतं?" मी काहीतरी ठोकून दिलं. शोकांतिका, ॲरिस्टॉटल, वगैरे. ते उत्तर नव्हे हे तिलाही कळलं आणि मलाही. आज जे बोलणार आहे ते त्या प्रश्नाचं चाळीस वर्षं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन भागात एक नटी राहते. तिची बारा वर्षांची मुलगी रेगन विचित्र वागायला लागते. डॉक्टर होतात, तपासण्या होतात, मनोविकारतज्ज्ञ होतात, आणि शेवटी हतबल झालेली आई एका कॅथलिक पाद्र्याकडे जाते. विल्यम पीटर ब्लॅटी यांची कादंबरी १९७१ची, त्यावरचा विल्यम फ्रिडकिन यांचा चित्रपट २६ डिसेंबर १९७३चा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी! दहा ऑस्कर नामांकनं मिळाली, त्यातली दोन पारितोषिकं पदरात पडली, पटकथेचं आणि ध्वनीचं.

आता नावाकडे लक्ष द्या. एक्झॉर्सिस्ट म्हणजे भूत उतरवणारा. झपाटलेल्या मुलीचं नाव चित्रपटाला दिलेलं नाही. आपण सगळे मुलीकडे बघत बसतो, कारण मान तिची फिरते, पलंग तिचा हलतो. गोष्ट मात्र फादर डेमियन कारसची आहे.

हा कारस कोण? जेझुइट पाद्री आहे, आणि शिकलेला मनोविकारतज्ज्ञही आहे. इतर पाद्र्यांची मनं सांभाळण्याचं काम त्याच्याकडे. सुरुवातीलाच तो आपल्या वरिष्ठाला सांगून टाकतो की माझी श्रद्धा उडाली आहे असं मला वाटतं. त्याची म्हातारी आई न्यूयॉर्कला एकटी राहते. तिला सरकारी इस्पितळाच्या वेड्यांच्या वॉर्डात ठेवायची पाळी येते, आणि पुढे ती घरात एकटीच मरते. नातेवाईक तोंडावर सुनावतो की तू पाद्री झाला नसतास, पैसेवाला डॉक्टर झाला असतास, तर आईची ही दशा झाली नसती. हे ओझं घेऊन तो रेगनच्या खोलीत शिरतो. आणि तिच्या तोंडून त्याच्याशी कोण बोलतं, तर त्याची आई.

चित्रपटातला मला सर्वात आवडणारा प्रसंग भीतीचा नाहीच. कारस मुलीवर पाणी शिंपडतो आणि म्हणतो, हे पवित्र जल आहे. ती किंचाळते, तडफडते. ते नळाचं साधं पाणी असतं! तो तिचं बोलणं टेपरेकॉर्डरवर घेतो, भाषाशाळेत नेऊन ऐकवतो, आणि ती 'अज्ञात भाषा' उलटी वाजणारी इंग्रजी निघते. हा पाद्री मुलीला वाचवायला आला आहे आणि त्यासाठी तो आधी शंका घेतो. ही त्याची वैयक्तिक लहर नव्हे. १६१४ साली पोप पाचवे पॉल यांच्या काळात 'रितुआले रोमानुम' हा विधिग्रंथ निघाला. त्यात भूत उतरवण्याच्या प्रकरणाची सुरुवातच अशी आहे की सहजासहजी विश्वास ठेवू नका, आजार आणि बाधा यांतला फरक ओळखा. खुणाही दिल्या आहेत: न शिकलेली भाषा बोलणं, दूरच्या किंवा गुप्त गोष्टी सांगणं, वयाला न शोभणारी ताकद दिसणं.

आणि पाण्याची युक्ती तर ग्रंथाहूनही जुनी. १५९८-९९ साली फ्रान्समध्ये मार्थ ब्रोसिए नावाची एक बाई झपाटलेली म्हणून गावोगाव नेली जात होती. आंजेच्या बिशपने तिला न सांगता पवित्र जल पाजलं. काही झालं नाही. साधं पाणी 'पवित्र' म्हणून दिलं. बाई लोळायला लागली. मग त्याने गंभीर चेहऱ्याने लॅटिन मंत्र म्हणायला सुरुवात केली आणि तिला झटके आले. तो मंत्र नव्हता, व्हर्जिलच्या महाकाव्याची पहिली ओळ होती. पुढे पॅरिसला मारेस्को नावाच्या वैद्याने तिला तपासून निर्वाळा दिला की सैतानाचं काही नाही, थोडा आजार आहे आणि बरंचसं सोंग. सोळाव्या शतकाच्या अखेरीला, बरं का! अंधारयुग वगैरे शब्द आपण फार सैल हाताने वापरतो.

मग प्रश्न असा की इतकी शहाणी माणसं असताना पुढच्या पस्तीस वर्षांत त्याच फ्रान्समध्ये लूदँ कसं घडलं? इथून माझ्या खऱ्या विषयाला सुरुवात होते. ब्लॅटींना लूदँ ठाऊक होतं, कादंबरीत त्याचा उल्लेख आहे. त्यांच्या कथेला जवळचं निमित्त होतं ते १९४९ सालचं. एका किशोरवयीन मुलाच्या अंगातलं भूत जेझुइटांनी उतरवल्याची बातमी त्या ऑगस्टमध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये आली, तेव्हा ब्लॅटी जॉर्जटाउन विद्यापीठात शिकत होते. पण कारसचा पूर्वज शोधायचा तर तीनशे वर्षं मागे जावं लागतं.

लूदँ हे पश्चिम फ्रान्समधलं तटबंदीचं गाव. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शेजारीशेजारी राहणारे, आणि एकमेकांवर डोळा ठेवून असलेले. १६३२ साली तिथे प्लेगची साथ आली, माणसं पटापट मेली. त्याच शरद ऋतूत उर्सुलाइन जोगिणींच्या मठात रात्री सावल्या दिसायला लागल्या. मठाची प्रमुख झान दे-झाँज, तिशीच्या आतबाहेरची, कुबड असलेली, अत्यंत हुशार बाई. तिने आणि मागोमाग इतर जोगिणींनी एकच नाव घेतलं: उर्बँ ग्राँदिए. हा गावातल्या चर्चचा पाद्री. देखणा, फर्डा वक्ता, गर्विष्ठ, बायकांच्या बाबतीत बदनाम. पाद्र्यांनी ब्रह्मचारी राहावं याविरुद्ध त्याने एक निबंध लिहून ठेवला होता. वर गावाचा तट पाडण्याच्या रिशल्यूच्या धोरणाला त्याचा विरोध. शत्रू कमी पडायला नकोत, अशी सगळी व्यवस्था त्याने स्वतःच करून ठेवली होती. गंमत म्हणजे झानने त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

खटला चालवायला लोबारदमाँ हा राजाचा अधिकारी आला. आणि इथे, तर्कशास्त्र शिकवलेला माणूस म्हणून, मला थांबावंच लागतं. साक्षीदार कोण? तर जोगिणींच्या अंगातले सैतान. सैतान हा तर असत्याचा बाप, त्याची साक्ष ग्राह्य कशी? अनेक धर्मशास्त्र्यांनी ती अग्राह्यच मानली होती. लूदँच्या भूत उतरवणाऱ्यांनी तोड काढली: विधिपूर्वक बांधलेल्या सैतानाला पाद्र्याच्या आज्ञेपुढे खरं बोलावंच लागतं. म्हणजे खोटं बोलणं हाच ज्याचा स्वभाव, त्याला शपथ घातली की तो सत्यवादी! आणि तो खरं बोलला की नाही हे ठरवणार कोण, तर शपथ घालणाराच.

याहून भयंकर पुढचं आहे. जुलै १६३४मध्ये काही जोगिणी म्हणायला लागल्या की आम्ही निरपराध माणसावर आळ घेतला. खुद्द झान अंगावर नुसता सदरा, गळ्यात दोर आणि हातात मेणबत्ती घेऊन भर पावसात मठाच्या अंगणात उभी राहिली. कबुलीच ती. तिचं काय झालं? ही सैतानाचीच युक्ती आहे, आपल्या माणसाला वाचवायला तो हे वदवतो आहे, असं म्हणून ती मोडीत काढली. जोगीण आरोप करते तेव्हा सैतान सत्य बोलतो, आणि आरोप मागे घेते तेव्हा खोटं. त्या बाईला स्वतःच्या आवाजात बोलायला जागाच उरली नाही. १८ ऑगस्ट १६३४ रोजी ग्राँदिएचे पाय ठेचले आणि त्याला जिवंत जाळलं. शेवटपर्यंत त्याने काही कबूल केलं नाही. आधी गळा आवळून मारू, हे दिलेलं वचनही पाळलं गेलं नाही.

बहुतेक पुस्तकं, केन रसेलचा १९७१चा 'द डेव्हिल्स' हा चित्रपटही, ग्राँदिएच्या चितेपाशी संपतात. पण जादूगार मेला तरी सैतान काही गेले नाहीत. आणि भूत उतरवणारे एकेक करून कोसळायला लागले. चितेच्या वेळी पुढाकार घेणारा फादर लाक्ताँस बरोबर एका महिन्याने, भ्रमिष्ट अवस्थेत मेला. फादर त्राँकील १६३८ साली असाच तडफडून गेला. आणि डिसेंबर १६३४मध्ये तिथे आला झाँ-जोझेफ सुरँ. जेझुइट, वय चौतीस, मूळचा बोर्दोचा, नाजूक प्रकृतीचा, डोकेदुखीने आधीच हैराण.

सुरँचं वेगळेपण त्याच्या पद्धतीत होतं. बाकीच्यांचे प्रयोग चर्चमध्ये गर्दीसमोर चालत. लोक दुरून बघायला येत, इंग्लंडहूनसुद्धा. सुरँने झानला गर्दीतून बाजूला काढलं. आरडाओरडा नाही, आज्ञा नाहीत. तो तिच्याशी हळू आवाजात प्रार्थनेविषयी, प्रेमाविषयी बोलत बसे. आजच्या भाषेत समुपदेशन म्हणा हवं तर. आणि मग त्याने ती प्रार्थना केली, जी कारसही वेगळ्या शब्दांत करतो: हिच्या वाटचं मला दे.

आपल्याकडे कोकणात, देशावर, भूत काढणारा देवऋषी एक काळजी घेतो. तो बाधा कशावर तरी उतरवतो. लिंबू, नारळ, कोंबडं, दहीभात. तो उतारा तिठ्यावर नेऊन ठेवायचा आणि मागे वळून न बघता घरी यायचं. माझ्या आजोळी असे एक गृहस्थ होते. आंघोळ केल्याशिवाय ते स्वतःच्या नातवालाही जवळ घेत नसत. यात कुठेही माझी श्रद्धा नाही, पण त्यामागचं मानसशास्त्र मला पक्कं वाटतं: काढलेलं दुःख कुठेतरी ठेवावं लागतं, काढणाऱ्याने ते अंगावर ठेवू नये. सुरँकडे लिंबू नव्हतं. तो स्वतःच उतारा झाला.

१६३५च्या मे महिन्यात त्याने एका जेझुइट मित्राला पत्र लिहिलं. आपल्या शरीरात दोन जीव आहेत, एक शांत आणि दुसरा पिसाळलेला, आणि दोघांचं एकाच वेळी चाललेलं असतं, असं त्याने त्यात सांगितलं. खाजगी पत्र, पण त्याच्या प्रती फिरल्या. झान १६३७ साली 'मुक्त' झाली. तिच्या हातावर येशू, मारिया अशी पवित्र नावं उमटली होती, ती दाखवत तिने १६३८ साली फ्रान्सभर दौरा केला. रिशल्यू भेटला, राजा-राणी भेटले. त्याच वर्षी चौदाव्या लुईचा जन्म झाला, तेव्हा बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून हिचा पवित्र मानलेला सदरा राणीकडे होता. बाईंचं चांगलं चाललं होतं. मी हे उपहासाने म्हणत नाही. चार भिंतींत कोंडलेल्या, कुबड्या म्हणून हिणवलेल्या बाईला जग बघायची ती एकच वाट मिळाली.

सुरँचं काय? त्याला लिहिता येईना, पुढे बोलता येईना, कपडे घालता येईनात. आपण नरकात जाणार हे ठरलेलंच आहे अशी त्याची खात्री झाली. मे १६४५मध्ये गारोन नदीकाठच्या साँ-माकेर इथे, जेझुइटांच्या घरात त्याला ठेवलं होतं. तिथल्या खिडकीतून त्याने खाली खडकावर उडी घेतली. मांडीचं हाड मोडलं, जीव वाचला.

खिडकी म्हटल्यावर तुमच्यापैकी कितीजणांना 'एक्झॉर्सिस्ट'चा शेवट आठवला असेल! वृद्ध फादर मेरिन हृदय बंद पडून मेलेले आहेत. कारस मुलीला धरतो, मारतो, ओरडतो की तिला सोड, माझ्यात ये. ते येतं. त्याचे हात मुलीच्या गळ्याकडे जातात, क्षणभर तो स्वतः परत येतो, आणि खिडकीतून स्वतःला बाहेर फेकतो. जॉर्जटाउनच्या त्या दगडी पायऱ्या आजही लोक बघायला जातात. बऱ्याच प्रेक्षकांना वाटलं सैतान जिंकला. ब्लॅटींना याचा फार त्रास झाला. त्यांच्या लेखी ते बलिदान होतं. मेरिन आणि कारस जिन्यावर बसून बोलतात असा एक छोटा प्रसंग होता. हीच मुलगी का, असं कारस विचारतो, आणि मेरिनचं म्हणणं पडतं की लक्ष्य ती नाहीच, आजूबाजूचे आपण आहोत. आपण किळसवाणे आहोत, प्रेमाच्या लायकीचे नाही, असं आपल्याला वाटावं म्हणून हे चाललं आहे. दिग्दर्शकाला तो अनावश्यक वाटला आणि १९७३ला कापला गेला. २०००च्या आवृत्तीत परत आला. माझ्या मते फ्रिडकिन चुकले. ती किल्ली होती.

सुरँची गोष्ट पडद्यावर याआधीच एकदा येऊन गेली होती. यरझी कावालेरोविच या पोलिश दिग्दर्शकाचा १९६१चा 'मदर जोन ऑफ द एंजल्स'. लूदँ उचलून पोलंडात नेलं आहे. चुन्यासारख्या पांढऱ्या भिंती, ओसाड माळ, धक्कातंत्र काही नाही. त्यातला फादर सुरिन सैतान स्वतःकडेच राहावा, परत त्या बाईकडे जाऊ नये, म्हणून कुऱ्हाड उचलून दोन निरपराध माणसं मारतो. प्रेमापोटी! भीती वाटायला पाहिजे ती याची. जरूर बघा.

आता एक आठवण करून द्यायची आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी पौरोहित्याच्या वाटेवरची 'एक्झॉर्सिस्ट' ही जुनी पायरीच रद्द केली. सोळा महिन्यांनी चित्रपट आला आणि जगभर रांगा लागल्या. चर्च जो शब्द कपाटात ठेवत होतं तो हॉलिवूडने बाहेर काढला. परिणाम? एकच सांगतो. जर्मनीत बव्हेरियातल्या क्लिंगेनबर्गला एक विद्यार्थिनी राहत होती, अपस्मारावर उपचार चालू असलेली. १९७५-७६मध्ये बिशपच्या परवानगीने दोन पाद्र्यांनी तिच्यावर ६७ वेळा विधी केले. १ जुलै १९७६ला ती उपासमारीने गेली. वय २३, वजन जेमतेम ३० किलो. १९७८ला आशाफेनबुर्गच्या न्यायालयाने आईवडील आणि दोन्ही पाद्री यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी धरलं, सहा महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. त्या विधींच्या चाळीसहून अधिक ध्वनिफिती आहेत. कारसनेही टेपरेकॉर्डर वापरला होता, पण तपासायला. इथे तो पुरावा म्हणून चालू होता. नळाचं पाणी त्या घरात कुणी आणलं नाही.

आपण दूर बसून हसू नये. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलीच बाब भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करण्याची आहे. उगाच नाही पहिली ठेवली.

तर त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. शेवट वाईट का वाटतो? रेगनला काही आठवत नाही. निघताना तिला कारसचा मित्र फादर डायर भेटतो, त्याच्या गळ्यातली पांढरी पट्टी तिला दिसते, आणि ती एकदम त्याच्या गालाचा मुका घेते. तिला दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ती आठवत असावी. पण ज्याच्या गळ्यात होती त्याला विचारायला कोणी आलंच नाही. दोन तास तो इतरांचं ऐकत होता. आई गेली तेव्हा, श्रद्धा गेली तेव्हा, त्याचं ऐकून घेणारा कोण होता? डायर शेवटी येतो, पायऱ्यांच्या तळाशी, मरत्या माणसाचा हात हातात धरतो. ही भूमिका खऱ्याखुऱ्या जेझुइटाने केली आहे, विल्यम ओमॅली यांनी. हात थरथरावा म्हणून फ्रिडकिन यांनी दृश्याच्या आधी त्यांच्या सणसणीत मुस्कटात मारली, हे दोघांनीही सांगितलेलं आहे. असो!

सुरँचं नशीब थोडं बरं. खिडकीनंतरही काही वर्षं त्याला वेडा म्हणूनच वागवलं गेलं, कधी निर्दयपणे. मग १६४८च्या सुमारास क्लोद बास्तीद नावाच्या एका जेझुइटाने त्याची जबाबदारी घेतली. याने विधी केले नाहीत, सैतानाला प्रश्न विचारले नाहीत. हा माणूस बरा होऊ शकतो असं मानून तो त्याच्याशी सौम्यपणे वागला. वर्षं गेली. सुरँ आधी तोंडी सांगून मजकूर लिहवून घ्यायला लागला, मग हाताने लिहायला लागला, आणि १६६०च्या सुमारास पुन्हा चालायला. १६६३ला त्याने लूदँची आणि स्वतःच्या आजाराची हकिगत लिहिली. त्यात स्वतःबद्दल तो कधी 'मी' म्हणतो आणि कधी 'तो'. झान जानेवारी १६६५ला वारली, सुरँ एप्रिलमध्ये. तोवर दोघांचा पत्रव्यवहार चालू होता.